व्याघ्र-अधिवासाचे नकाशांकन, भारतातील

वाघाच्या कायम वसतीस, प्रजननास आणि एका वनातून दुसऱ्या वनात होणाऱ्या त्याच्या संचारास योग्य असलेल्या भूप्रदेशाची पाहणी करून तो नकाशावर निश्चित करण्याचे कार्य. व्याघ्रसंरक्षणाच्या पहिल्या तीन दशकांत देशात वाघ किती आहेत, हा प्रश्न प्रमुख मानला गेला. २००५ नंतर ते कोठे आहेत व ती स्थळे परस्परांशी जोडलेली आहेत किंवा नाहीत, या प्रश्नास तितकेच महत्त्व आले. वाघांच्या संख्येचा अंदाज, वनांचे व्यवस्थापन, रस्ते व खाणी यांना द्यावयाची परवानगी आणि वनवासी लोकांचे हक्क या सर्वांवर या नकाशांचा परिणाम होत असल्याने त्यांचा इतिहास केवळ प्राणिविज्ञानापुरता मर्यादित राहिलेला नाही [⟶ वाघ].

पूर्वपीठिका : भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ मध्ये झाली. वन खाते १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी वनांच्या हद्दी ठरविण्यास आधार दिला. त्यानंतर प्रत्येक वनविभागाच्या कार्य आयोजनेसाठी जे नकाशे तयार होत, त्यांत साग व साल यांचे साठे, तोडीची कुपे, गाडीवाटा आणि लाकूड वाहून नेण्याच्या नद्या काळजीपूर्वक दाखविलेल्या असत. वन्य प्राण्यांना या नकाशांत स्थान नव्हते. वाघाचा उल्लेख सरकारी दप्तरात मुख्यतः दोन ठिकाणी येई : उपद्रवी प्राणी मारल्याबद्दल दिल्या जाणाऱ्या बक्षिसांच्या नोंदींत आणि शिकारीच्या परवान्यांत. परवान्यांच्या सोयीसाठी वनविभाग ‘शूटिंग ब्लॉक’मध्ये विभागलेले असत. वाघाच्या संदर्भात वनभूमीची केलेली ही बहुधा पहिलीच पद्धतशीर विभागणी होय. तथापि तिचा हेतू वाघ टिकविण्याचा नव्हता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात सु. ४०,००० वाघ असावेत, असे अनेकदा सांगितले जाते. पण हा आकडा अनुमानाचाच आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत शेतीचा विस्तार, धरणे, हिवतापाच्या नियंत्रणानंतर तराई प्रदेशात झालेली वसाहत, परदेशी शिकाऱ्यांसाठी चालविलेला शिकारीचा धंदा व कातड्यांची निर्यात यांमुळे वाघ झपाट्याने कमी झाले. १९६९ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या महासभेत या ऱ्हासाकडे लक्ष वेधण्यात आले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला व त्याच वर्षी झालेल्या पहिल्या देशव्यापी प्रगणनेत वाघांची संख्या १,८२७ निघाली.

व्याघ्र प्रकल्प व त्याची क्षेत्रे : करण सिंग यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशीनुसार १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पास कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानातून प्रारंभ झाला. कैलास सांखला हे त्याचे पहिले संचालक. मानस, पलामू, सिमिलिपाल, कॉर्बेट, रणथंभोर, कान्हा, मेळघाट, बांदीपूर व सुंदरबन ही नऊ क्षेत्रे प्रथम निवडण्यात आली. हिमालयाच्या पायथ्यापासून खारफुटीच्या वनांपर्यंत वाघाच्या अधिवासाचे विविध प्रकार त्यांत यावेत, असा प्रयत्न होता. प्रत्येक क्षेत्रात मनुष्यव्यवहारापासून मुक्त असा गाभा आणि त्याभोवती मर्यादित वापराचे बफर क्षेत्र अशी रचना करण्यात आली.

या रचनेमुळे अनेक वने वाचली. परंतु देशाच्या नकाशावर ही क्षेत्रे एकमेकांपासून दूर असलेल्या बेटांसारखी होती. दोन व्याघ्र प्रकल्पांमधील जंगल प्रादेशिक वनविभागांकडे, महसूल खात्याकडे किंवा खाजगी मालकीत राहिले. तेथे लाकूडतोड, खाणी व रस्ते यांचे निर्णय वाघाचा विचार न करता होत राहिले.

पाऊलखुणांची प्रगणना : १९७२ पासून सु. तीन दशके वाघांची मोजणी पाऊलखुणांवरून होत असे. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित केली. ठरलेल्या दिवसांत वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रातील वाटा, नाले व पाणवठे धुंडाळीत. ठसा सापडला की त्यावर काच धरून त्याची बाह्यरेषा काढीत, किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घेत. मागच्या डाव्या पायाच्या ठशावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, हे या पद्धतीचे गृहीतक होते. हजारो वनकर्मचारी जंगलात पायी फिरले आणि वाघाच्या हालचालींची बारकाईने नोंद करण्याची सवय खात्याला लागली, हा तिचा मोठा लाभ होय.

तिचे दोषही गंभीर होते. एकाच वाघाचा ठसा ओल्या चिखलात, भुसभुशीत मातीत व कोरड्या धुळीत वेगवेगळा उमटतो. पश्चिम घाटातील खडकाळ जमिनीवर तो उमटतही नाही. मोजणीत किती चूक संभवते, हे सांगण्याची सोय पद्धतीत नव्हती. प्रत्येक प्रकल्पाची संख्या तेथील अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे माप ठरू लागल्याने ती घटल्याचे कळविणे अवघड झाले. या पद्धतीनुसार वाघांची संख्या १९८४ मध्ये ४,००५, १९८९ मध्ये ४,३३४ आणि २००१–०२ मध्ये ३,६४२ दाखविण्यात आली. कर्नाटकातील प्राणिशास्त्रज्ञ के. उल्लास कारंत यांनी १९८० नंतरच्या दशकापासून या आकड्यांवर आक्षेप घेतले. नागरहोळे येथे १९९० नंतर त्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांचा वापर केला. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकात निराळी असते. म्हणून छायाचित्रांतून वाघ ओळखून, तोच वाघ पुन्हा किती वेळा टिपला जातो त्यावरून संख्याशास्त्राने घनता काढता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

अधिवासाविषयीचे ज्ञान : वाघाला किती भूमी लागते, हे समजल्याखेरीज त्याच्या अधिवासाचा नकाशा काढता येत नाही. जॉर्ज शॅलर यांनी १९६३–६५ या काळात कान्हा येथे केलेल्या अभ्यासातून (द डिअर अँड द टायगर, १९६७) वाघ व त्याचे भक्ष्य यांचा संबंध प्रथमच शास्त्रीय रीतीने स्पष्ट झाला. नेपाळातील चितवन येथे १९७३ नंतर वाघांना रेडिओ-पट्टे बांधून त्यांचा माग काढण्यात आला. भक्ष्य विपुल असलेल्या अशा वनात एका वाघिणीला सु. २० चौ. किमी. क्षेत्र पुरते, रशियाच्या अतिपूर्व भागातील विरळ भक्ष्याच्या वनांत तिला सु. ४०० चौ. किमी. लागतात. वाघ वर्षाला सु. ५० खुरी प्राणी मारतो. भक्ष्याची संख्या न घटता हे चालावयाचे, तर एका वाघामागे चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर यांसारखे सु. ५०० प्राणी असावे लागतात. म्हणून नुसते वनाच्छादन दाखविणारा नकाशा अपुरा ठरतो. वरून हिरवे दिसणारे पण भक्ष्य संपलेले जंगल वाघाच्या दृष्टीने रिकामेच होय.

दुसरी महत्त्वाची बाब संचाराची होय. बछडे सु. दोन वर्षांचे झाले की आईचे क्षेत्र सोडतात. तरुण नर विशेष दूर जातात. वाट खुली असेल, तर ते दुसऱ्या वनात पोहोचतात व तेथील वाघांत नवे रक्त येते. वाट बंद असेल, तर ते आपसांत लढून मरतात, गावांच्या आसपास राहून गुरांवर हल्ले करतात, किंवा फासे व विजेच्या तारा यांना बळी पडतात. एकाकी पडलेल्या समूहात निकट नात्यातील संकर वाढतो. सिमिलिपालमधील बऱ्याच वाघांच्या अंगावर दिसणारे रुंद, जवळजवळ काळे पट्टे एका दुर्मिळ जनुकीय बदलामुळे आलेले आहेत, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. एरव्ही विरळा असणारा हा बदल तेथे पसरण्याचे कारण त्या समूहाचे एकाकीपण हेच मानले जाते.

भूप्रदेशाची संकल्पना : भारतीय दूरसंवेदन उपग्रहमालिकेतील पहिला उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८७ पासून उपग्रह-प्रतिमांच्या आधारे वनस्थितीचे अहवाल प्रसिद्ध करण्यास सुरुवात केलीच होती. सबंध देशाचे वनाच्छादन एका प्रमाणावर पाहणे त्यामुळे शक्य झाले. १९९७ मध्ये एरिक डायनरस्टाइन, एरिक विक्रमनायके इत्यादींनी आशियातील वाघाच्या संपूर्ण अधिवासाचा नकाशा तयार करून त्यात व्याघ्रसंरक्षणाचे १५९ घटक निश्चित केले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीऐवजी त्याभोवतीचे सलग वन, भक्ष्य व शिकारीचा दबाव यांवरून प्राधान्य ठरविण्याची दृष्टी त्यातून रूढ झाली. २००६ मध्ये हे काम नव्याने करण्यात आले, तेव्हा आशियात ७६ व्याघ्रभूप्रदेश शिल्लक असल्याचे आणि वाघाच्या ऐतिहासिक क्षेत्रापैकी केवळ शेकडा ७ क्षेत्रात तो उरल्याचे आढळून आले.

सारिस्काची घटना : राजस्थानातील सारिस्का व्याघ्र प्रकल्पात १६ ते १८ वाघ असल्याची नोंद २००४ च्या प्रगणनेत होती. २००५ च्या प्रारंभी भारतीय वन्यजीव संस्थेने शोध घेतला, तेव्हा तेथे एकही वाघ उरला नव्हता. अवैध शिकारीने ते सर्व संपविले होते. कागदावरील संख्या आणि जंगलातील वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकते, हे या घटनेने देशासमोर आणले. केंद्र शासनाने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. त्याच्या शिफारशींनंतर वन्य जीव अधिनियमात २००६ मध्ये सुधारणा होऊन राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि पाऊलखुणांची प्रगणना रद्द करण्यात आली. सारिस्काची भूमी व तेथील भक्ष्य शिल्लक होते. म्हणूनच जून २००८ मध्ये रणथंभोरहून वाघ आणून तेथे पुन्हा वसविणे शक्य झाले. मध्य प्रदेशातील पन्ना येथेही वाघ नष्ट झाल्यावर २००९ पासून असाच प्रयोग करण्यात आला व तो यशस्वी ठरला.

नवी पद्धत : यादवेंद्रदेव झाला, कमर कुरेशी व राजेश गोपाल यांच्या पुढाकाराने आखलेली नवी पाहणी २००६ मध्ये प्रथम देशभर झाली व तेव्हापासून ती दर चार वर्षांनी होते. तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात वनरक्षक आपल्या नियतक्षेत्रात ठरलेल्या वाटांवर एकूण १५ किमी. चालून वाघ व इतर मांसाहारी प्राण्यांचे ठसे, विष्ठा व ओरखडे नोंदवितो. सरळ रेषेत चालून दिसणारे भक्ष्य प्राणी मोजतो आणि ठरावीक जागी वनस्पती, प्राण्यांच्या लेंड्या, लाकूडतोड व गुरचराई यांची नोंद करतो. दुसऱ्या टप्प्यात या नोंदी उपग्रहांवरून मिळालेल्या वनाच्छादन, भूरचना, पाणी, रस्ते व रात्रीचे दिवे यांच्या माहितीशी जोडल्या जातात. रात्री दिसणारा उजेड हा मनुष्यवस्तीच्या दाटीचा निदर्शक मानतात. तिसऱ्या टप्प्यात निवडक स्थळी स्वयंचलित कॅमेरे लावून वाघांची घनता काढतात. घनता व अधिवासाची लक्षणे यांचा संबंध प्रस्थापित झाला की कॅमेरे नसलेल्या वनांसाठीही अनुमान करता येते. या सर्व माहितीवरून देशातील वनांचे १०० चौ. किमी.च्या चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीत वाघाचे अस्तित्व कितपत संभवते, ते नकाशावर दाखविले जाते.

२००६ मध्ये वाघांची संख्या १,४११ (१,१६५ ते १,६५७) निघाली. पद्धतीच भिन्न असल्याने पूर्वीच्या आकड्यांशी तिची थेट तुलना करता येत नाही. पुढील पाहण्यांत ती २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६, २०१८ मध्ये २,९६७ व २०२२ मध्ये ३,६८२ (३,१६७ ते ३,९२५) अशी वाढत गेली. महाराष्ट्रातील वाघ २००६ मध्ये १०३ होते. ते २०२२ मध्ये ४४४ झाले. २०१८ च्या पाहणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले, वनकर्मचारी ५,२२,९९६ किमी. पायी चालले आणि जमलेल्या सु. ३ कोटी ४९ लाख छायाचित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती.

केवळ संख्येवरून जे कळले नसते, ते या नकाशांवरून कळले. २००६ ते २०१० या काळात वाघांचा आकडा वाढला. पण त्यांनी व्यापलेले क्षेत्र मात्र ९३,६९७ चौ. किमी.वरून ८१,८८१ चौ. किमी.पर्यंत घटल्याचे २०१० च्या अहवालात दिसून आले. संरक्षित उद्यानांत वाघ दाटत होते आणि त्यांना जोडणाऱ्या वनांतून नाहीसे होत होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार नंतर हा कल पालटला व व्याप्त क्षेत्र सु. १,३८,२०० चौ. किमी.पर्यंत पोहोचले. त्यांतील सु. ३५,२५५ चौ. किमी. क्षेत्र मनुष्यवस्तीपासून मुक्त व भक्ष्यसंपन्न आहे. उर्वरित क्षेत्रात वाघांबरोबर सु. ६ कोटी माणसे राहतात.

भ्रमणमार्ग : २०१४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरण व भारतीय वन्यजीव संस्था यांनी देशातील ३२ प्रमुख भ्रमणमार्गांचे नकाशे प्रसिद्ध केले. वन, नदीकाठ, शेती, रस्ता व वस्ती यांतून जाताना वाघास किती अडथळा होतो, याचे मूल्य प्रत्येक भूखंडास देऊन दोन वनांमधील सर्वांत कमी अडथळ्याची वाट संगणकाद्वारे काढण्यात आली. अधिनियमाच्या २००६ मधील सुधारणेनुसार अशी जोडभूमी सार्वजनिक हिताखेरीज व राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मान्यतेखेरीज निसर्गाला बाधक अशा कामासाठी वळविता येत नाही.

या तरतुदीची कसोटी मध्य भारतात लागली. नागपूर–सिवनी हा राष्ट्रीय महामार्ग (क्र. ४४, पूर्वीचा क्र. ७) पेंच व कान्हा यांना जोडणाऱ्या वनपट्ट्यातून जातो. त्याच्या रुंदीकरणाचा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला. अखेरीस महाराष्ट्रातील वनपट्ट्यात प्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी पाच भुयारी मार्ग व चार लहान पूल अशी नऊ बांधकामे करण्यात आली. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्य प्राणी टिपले गेले. त्यांत ११ वाघांनी एकूण ८९ वेळा रस्ता ओलांडल्याची नोंद झाली. रस्ता होण्यापूर्वीच भ्रमणमार्ग नकाशावर नोंदलेला असला, तर तडजोडीची जागा निश्चित करता येते, असे या उदाहरणावरून दिसते.

नकाशाच्या मर्यादाही विदर्भातच स्पष्ट झाल्या. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघास फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ-पट्टा बांधण्यात आला. तेथून निघालेला हा वाघ महाराष्ट्र व तेलंगणातून १,३०० किमी.हून अधिक भटकंती करून डिसेंबर २०१९ पर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेचा बराच भाग शेते, ओढे व रस्ते यांचा होता. तुरळक झाडी व उभी पिके यांच्या आडोशाने, मुख्यतः रात्री, तो चालत गेला. ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य मिळाले, परंतु तेथे वाघीण नव्हती. वनाच्छादनावर आधारलेल्या नकाशात निरुपयोगी ठरणारी भूमीही वाघ वापरतो, आणि वनांची बेटे फार दूर असतील, तर तो पोहोचूनही वंश पुढे चालत नाही, या दोन्ही गोष्टी या प्रवासातून दिसून आल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी वनविभाग कोणत्याही व्याघ्र प्रकल्पात मोडत नाही. तरीही तेथे वाघांची दाट वस्ती असून माणसांवरील हल्ल्यांचा प्रश्न तीव्र झाला आहे.

नकाशा व वनवासी : संरक्षित क्षेत्राची रेषा गावांवरूनही जाते. मेळघाटातील कोहा, कुंड व बोरी ही गावे या शतकाच्या प्रारंभी गाभ्याबाहेर हलविण्यात आली. तेथील गवताळ कुरणे पुढे वन्य प्राण्यांना मोकळी झाली. गावकऱ्यांना मात्र नव्या जागी शेती, पाणी व उपजीविका नव्याने उभी करावी लागली. २००६ च्या सुधारणेनुसार महत्त्वपूर्ण व्याघ्र-अधिवास ठरविताना शास्त्रीय निकष लावणे व स्थलांतरासाठी ग्रामसभेची संमती घेणे आवश्यक आहे. त्याच वर्षी वन हक्क कायदा संमत झाला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून अंमलात आले. परंतु त्याआधीच्या काही आठवड्यांतच अनेक राज्यांनी व्याघ्र-अधिवास घाईने अधिसूचित केले. लोकांचे हक्क नोंदण्यापूर्वीच रेषा आखल्या गेल्या, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांवरील सोलिगांनी संशोधकांच्या साहाय्याने आपली देवस्थाने व पारंपरिक वहिवाटीच्या जागा स्वतः नकाशावर मांडल्या. २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच त्यांचे सामूहिक वन हक्क मान्य झाले आणि तेथे वाघही टिकून आहेत.

मूल्यमापन : नव्या पद्धतीवरही टीका झाली आहे. ठसे व विष्ठा यांच्या नोंदींवरून मोठ्या प्रदेशातील वाघांची संख्या अनुमानण्याची रीत अनिश्चित असल्याचे कारंत, अर्जुन गोपालस्वामी इत्यादींनी २०१५ मध्ये प्रतिपादिले. पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यास उत्तर दिले. हा वाद प्रामुख्याने आकड्यांविषयीचा आहे. वाघ कोणत्या वनांत आहेत व कोणत्या वनांतून नाहीसे झाले, याविषयी नकाशांनी दिलेली माहिती त्यामुळे निरर्थक ठरत नाही.

वाघांच्या पुनरागमनाचे श्रेय केवळ नकाशांना देता येणार नाही. शिकारीला आळा, भक्ष्याची वाढ, वनकर्मचाऱ्यांचे कष्ट व गावकऱ्यांची सहनशीलता यांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि सारिस्कासारखी हानी दीर्घकाळ लपून राहणे आता अवघड झाले आहे. उद्यानांमधली भूमी वाघाच्या अस्तित्वाचा भाग आहे, हेही कायद्याने मान्य केले आहे. ही भूमी बहुतांशी लोकवस्तीची आहे. तेथील रहिवाशांचे हक्क व त्यांना सोसावी लागणारी झळ यांची नोंद झाल्याशिवाय तिचा नकाशा पूर्ण मानता येत नाही.